रजिस्टरमधलं नाव आणि दाखल्यावरचं नाव

पोस्ट लांब आहे, निवांत बसून वाचा. विषय आपल्याच दोन जिल्ह्यांचा आहे आणि त्यावर आपल्याकडं शांतपणे कुणी बोलत नाही. एक बाजू "धर्मांतर वाढलं हो" म्हणून ओरडते, दुसरी बाजू "आमची मंडळी रिकामी होत चालली" म्हणून सुस्कारा टाकते. गंमत अशी की दोघंही बऱ्याचदा एकाच गावाबद्दल बोलत असतात.

गेल्या उन्हाळ्यात उदगीर भागात एका ओळखीच्या घरी गेलो होतो. घरातल्या म्हाताऱ्या काकांनी पत्र्याची पेटी उघडून दाखवली. आत जुन्या मराठी बायबलमध्ये घडी करून ठेवलेला त्यांच्या आज्याचा बाप्तिस्म्याचा दाखला होता, पार पिवळा पडलेला. आणि त्याच पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं, नातवाचं जातीचं प्रमाणपत्र. त्यावर लिहिलेलं: हिंदू मांग.

मी विचारलं, "काका, ह्यातलं खरं कोणतं?"

काका हसले. म्हणाले, "दोन्ही खरंच की. एक आज्यानं जीव लावून घेतलं. दुसरं लेकराच्या पोटासाठी घेतलं."

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नव्हता. म्हणून हे लिहितोय.

आधी आकडे बघू. महाराष्ट्रात १९९१ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोक होते ८,८५,०३०. २००१ मध्ये झाले १०,५८,३१३. आणि २०११ मध्ये १०,८०,०७३. म्हणजे शेवटच्या दहा वर्षांत वाढ फक्त २१,७६०, जेमतेम दोन टक्के. त्याच दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी, दीड कोटीहून जास्त वाढली. त्यामुळे ख्रिस्ती लोकांचं प्रमाण १.०९ टक्क्यांवरून ०.९६ वर आलं. त्यातही निम्म्याहून जास्त मंडळी मुंबई, ठाणे, वसई, पुणे पट्ट्यातली. आपल्या नांदेडची लोकसंख्या २०११ ला ३३,६१,२९२ आणि लातूरची २४,५४,१९६. त्यात ख्रिस्ती म्हणून नोंदलेली माणसं एक टक्क्याच्या कितीतरी खाली.

जगात इतरत्रही प्रमाण घटतंय. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ ला ५९.३ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं होतं, २०२१ ला ४६.२ टक्क्यांनी. तिथं ३७.२ टक्के लोक म्हणाले, आम्हाला धर्मच नाही. तिथलं कारण समजतं. लोकांची श्रद्धा गेली, रविवारची सवय गेली, चर्चच्या इमारती विकायला निघाल्या.

आपल्याकडं "मला धर्म नाही" असं म्हणणारा माणूस शोधून सापडत नाही. मग आपल्याकडची गळती आहे तरी कसली? ते समजायचं तर जरा मागं जावं लागतं.

मराठी समाजात ख्रिस्ती होणं आणि परत येणं, दोन्हीचा इतिहास एकाच घरातून सुरू होतो. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. त्याचा लहान भाऊ श्रीपत, तोही मिशनऱ्यांकडं गेला होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि श्रीपत वडिलांच्या ताब्यात आला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं म्हणून 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यापायी सनातन्यांचा रोषही त्यांनी ओढवून घेतला. एक भाऊ गेला, एक परत आला. आज "घरवापसी" हा शब्द ऐकला की मला शेषाद्रींचं घर आठवतं.

हेच नारायण शेषाद्री पुढं आपल्या मराठवाड्यात आले. १८६० च्या दशकात जालन्याला स्कॉटिश मिशनचं काम त्यांनी उभं केलं. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून जालन्याजवळ 'बेथेल' नावाचं गाव वसवलं. त्या गावात आले ते प्रामुख्यानं मांग आणि महार समाजातले लोक. ज्यांना गावात पाणी नव्हतं, त्यांना तिथं विहीर मिळाली, शाळा मिळाली, घर मिळालं. जन्मानं ब्राह्मण असलेला माणूस मांगाच्या लेकराला जवळ बसवतो, हे त्या काळात बघणाऱ्यांना काय वाटलं असेल?

मग आला छप्पनचा दुष्काळ, म्हणजे १८९९-१९००. नगर-औरंगाबाद पट्ट्यात मिशनची खडीकेंद्रं, अनाथाश्रम, धान्यवाटप सुरू झालं आणि त्या काळात पुष्कळ लोकांनी बाप्तिस्मा घेतला. पाऊस पडल्यावर त्यातले काही परतही गेले. "पोटासाठी ख्रिस्ती झाले" असा टोमणा तेव्हापासूनचा. पण मला एक विचारायचंय. उपाशी माणसाला भाकर देणाऱ्याचं ऐकावंसं वाटलं, यात माणसाचा काय गुन्हा? आणि उपाशी ठेवणाऱ्या व्यवस्थेबद्दल टोमणा का नाही?

आता आपल्या नांदेड-लातूरचं वेगळेपण लक्षात घ्या. मिशनची मोठी ठाणी आपल्या भोवती होती. पश्चिमेला जालना, दक्षिणेला मेथॉडिस्टांचं बिदर, पूर्वेला निजामाबाद-मेदक. आपण मधे, प्रत्येकाच्या टोकाला. दुष्काळात कामाच्या बदल्यात धान्य देत बांधलेलं मेदकचं प्रचंड चर्च १९२४ ला उघडलं, तेही निजामाच्याच राज्यात. निजामाबादच्या पलीकडं डिचपल्लीला डॉ. इझाबेल केर यांनी कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना काढला. त्याला पैसा दिला राजा नरसा गौड या हिंदू दात्यानं. हे वाक्य परत वाचा. दवाखाना मिशनचा, देणगी हिंदूची, रोगी सगळ्या जातीधर्माचे.

१९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली. बिदर म्हैसूर राज्यात गेलं, निजामाबाद आंध्रात गेलं. बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके इकडं उस्मानाबादला जोडले. किनवट आदिलाबादहून नांदेडला आलं. आपण त्याला मराठी माणसाचा विजय म्हणतो आणि तो होताच. पण या भागातल्या छोट्या मंडळ्यांचं काय झालं ते बघा. मिशनचं ठाणं, दवाखाना, वसतिगृह राहिलं सीमेपलीकडं, दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या सरकारी भाषेत. माणसं राहिली इकडं.

त्याच १९५६ साली आणखी मोठी गोष्ट घडली आणि ती समजून घेतल्याशिवाय हा विषय कळतच नाही.

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. तेव्हा ख्रिस्ती बिशपांनाही वाटलं, आता लाखो लोक आपल्याकडं येतील. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा अभ्यास केला, बिशपांशी बोलले. पण त्यांचा प्रश्न अडचणीचा होता: तुमच्याकडं आलेल्या अस्पृश्याची जात गेली का? १ जानेवारी १९३८ ला सोलापूरला ख्रिस्ती लोकांपुढंच ते बोलले. शिक्षण आणि आरोग्याचं मिशनऱ्यांचं काम त्यांनी मान्य केलं, पण धर्म बदललेल्या दलितांनी सामाजिक अन्यायाविरुद्ध लढा उभारला नाही, ही तक्रारही तोंडावर मांडली. पुढं त्यांनी यावर स्वतंत्र लेखनही केलं. अनेक ठिकाणी चर्चमध्ये जातीप्रमाणं बसायची जागा वेगळी होती, काही ठिकाणी दफनभूमीसुद्धा वेगळी, हे त्यांनी दाखवून दिलं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्रात १९५१ ला बौद्ध होते २,४८७. १९६१ ला झाले २७,८९,५०१. त्या लाटेत आधी ख्रिस्ती झालेली काही महार कुटुंबंही बौद्ध झाली. भावकी जिकडं, तिकडं आपण. मिशनच्या लोकांना हे फार लागलं. पण इतिहास म्हणून बघितलं तर त्या लोकांनी पाठ फिरवली ती येशूकडं नव्हे. जिथं स्वाभिमान जास्त मिळतोय असं दिसलं, तिथं ते गेले. ह्यात रागावण्यासारखं काही नाही, शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

मातंग समाजातली बरीच ख्रिस्ती कुटुंबं मात्र तशीच राहिली. आणि त्यांच्यावर दुसरीच गोष्ट आदळली. कागद.

१० ऑगस्ट १९५० ला अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या कलमात लिहिलं की हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची धरली जाणार नाही. १९५६ मध्ये शिखांना त्यात घेतलं, १९९० मध्ये बौद्धांना घेतलं. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम आजही बाहेर. आदिवासींना ही अट नाही. म्हणजे किनवटचा गोंड ख्रिस्ती झाला तरी अनुसूचित जमातीतच राहतो, पण देगलूरचा मांग ख्रिस्ती झाला की त्याची अनुसूचित जात संपली. गावात मात्र संपत नाही. गावात तो मांगच.

आता पेटीतल्या त्या दोन कागदांचा अर्थ लागतोय ना?

आपल्याकडं कॉलेजचा प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव जागेवरची सरपंचकी, सगळ्याला जात पडताळणी लागते. पडताळणीला १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. शाळेचा प्रवेश निर्गम उतारा काढायचा, आज्या-पणज्याच्या नावापुढं काय लिहिलंय ते बघायचं. 'मांग' लिहिलं असेल तर देवाची कृपा. 'ख्रिश्चन' लिहिलं असेल तर लेकराचं करिअर तिथंच अडकलं. कधीकधी घरी दक्षता पथक येतं, देव कोणता, लग्न कसं लावता, मयत कसं करता हे विचारतं. मग येशूचा फोटो त्या दिवसापुरता कपाटात जातो.

कोर्टात हे प्रश्न गेले नाहीत असं नाही. २००७ मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगानं शिफारस केली की अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधू नका. २०२२ मध्ये केंद्रानं माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुद्दुचेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि फक्त आरक्षणासाठी हिंदू म्हणायचं, ही राज्यघटनेशी फसवणूक आहे. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल. पण काकांच्या घरात बसून मला ते वाक्य वाचवत नव्हतं. जातीचा चटका धर्म बघून बसत नाही आणि सवलत मात्र धर्म बघून मिळते, हा गुंता त्या म्हाताऱ्यानं थोडाच घातलाय?

म्हणून माझं मत असं: नांदेड-लातूरमधली ख्रिस्ती घट बऱ्याच अंशी नोंदीतली घट आहे. बाकी कारणंही आहेत. शिकलेली पोरं, नर्स झालेल्या पोरी पुण्या-मुंबईला गेल्या, कुटुंबं लहान झाली. पण त्याच वेळी तांड्यावर, झोपडपट्टीत, पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थनेला बसणारी माणसं आहेत. "आम्ही येशूच्या प्रार्थनेला जातो" एवढंच ती सांगतात. बाप्तिस्मा नाही, रजिस्टर नाही. एकाला ती धर्मांतर वाटतात, दुसऱ्याला ती मोजायची कशी कळत नाही.

मात्र सगळं खापर कायद्यावर फोडून मंडळीनं हात झटकायचे, हेही मला पटत नाही. चर्चनं काय करावं हे मी बाहेरचा माणूस सांगतोय, तेव्हा आगाऊपणा वाटला तर माफ करा.

पहिलं, त्या दुहेरी नावाच्या कुटुंबांना कमी लेखणं थांबवा. ज्यांची कागदं मजबूत, ज्यांच्या तीन पिढ्या मिशनच्या शाळेत शिकल्या, ते पहिल्या बाकावर. आणि ज्यांच्या दाखल्यावर हिंदू आहे, ते मागं, गुपचूप. असं असेल तर बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न अजून जिवंत आहे. खोटं लिहा असं पाळकानं कुणाला सांगू नये आणि खरं लिहिलंच पाहिजे म्हणून पोराच्या भविष्यावरही बसू नये. त्यापेक्षा कायदा बदलण्याची लढाई उघडपणे, सनदशीर मार्गानं लढावी. कॅथलिक, मेथॉडिस्ट, उत्तर भारत चर्च, स्वतंत्र मंडळ्या, सगळ्यांनी मिळून. सोलापूरला १९३८ साली ऐकवलेलं अजून बाकी आहे.

दुसरं, लग्न जुळवताना "मूळचे कोण?" हा प्रश्न बंद करा. बाप्तिस्म्यानं जात जाते असं वेदीवरून सांगायचं आणि सोयरिकीला जात विचारायची, हे तरुण पोरांना दिसतं. पोरं भांडत नाहीत, फक्त यायची थांबतात.

तिसरं, मिशनच्या जमिनी आणि हिशेब. महाराष्ट्रभर मिशनच्या मोक्याच्या जागांवरून ट्रस्टींच्या भांडणांचे खटले चालू आहेत. आज्यानं ज्या कंपाउंडमध्ये अक्षर गिरवलं, त्याचा प्लॉट पडताना नातू बघतो. श्रद्धा मोडायला नास्तिकाची गरज लागत नाही, असा एक खटला पुरतो. हिशेब दारावर लावा.

चौथं, कामाकडं परत या. एकेकाळी 'कॉन्व्हेंट' म्हणजे नन्सची शाळा. आज लातूरमध्ये कुठल्याही पुढाऱ्याच्या इंग्रजी शाळेला लोक कॉन्व्हेंट म्हणतात. शिक्षणातली चर्चची मक्तेदारी संपली आणि तेही बरंच झालं. पण डिचपल्लीसारखं, दुसरं कुणी हात लावत नाही असं काम आजही पडून आहे. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची लेकरं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची बायको. लातूर पॅटर्नच्या नावाखाली दहा बाय दहाच्या खोलीत रात्रभर जागणारं, घरी फोन करायला घाबरणारं सतरा वर्षांचं पोर. दारू सुटता सुटत नाही असा बाप. १९९३ ला ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा मदतीला आलेल्यांत ख्रिस्ती संस्थाही होत्या. ढिगाऱ्याखालून माणूस काढताना कुणी जात, धर्म विचारला नव्हता. तसं काम करा. आणि मोबदल्यात कुणाचं नाव रजिस्टरला लावून घेऊ नका. बदल्यात काही मागितलं की सेवेचा सौदा होतो आणि छप्पनचा टोमणा खरा ठरतो.

पाचवं आणि शेवटचं. आपल्या मराठीत याचं उत्तर एका कवीनं शंभर वर्षांपूर्वी शोधलं होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळक. 'स्मृतिचित्रे'वाल्या लक्ष्मीबाईंचे पती. आयुष्यभर मिशनमध्ये काम करून १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि 'देवाचा दरबार' काढला. कल्पना अशी की येशूला मानणारे, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, एकत्र बसतील. भजन मराठी, कीर्तन मराठी, परकी पोशाखी चर्च नको. १९१९ ला टिळक गेले आणि तो प्रयोग पुढं फार चालला नाही. पण यादीत नाव नसलेल्या माणसालाही आपलं म्हणायची जागा असते, हे त्या माणसानं ओळखलं होतं. आजच्या चर्चनं टिळकांच्या जयंतीला हार घालण्यापेक्षा त्या दरबाराची आठवण काढावी.

आणि आपण, बाकीचे? दीडशे वर्षांपूर्वीच्या जखमेवर रोज मीठ चोळून आपल्याला काय मिळतं? मांगवाड्याला विहीर आपण दिली असती तर बेथेल वसवायची गरज पडली नसती. धर्म सोडून जाणाऱ्याला शिव्या देण्याआधी तो राहत होता तेव्हा आपण त्याला काय दिलं, हे मोजावं. हे जसं आपल्याला लागू, तसंच चर्चलाही लागू.

२०२७ च्या जनगणनेत धर्म विचारणार आणि यावेळी प्रत्येकाची जातही विचारणार. काकांचा नातू बीएस्सीला आहे. निघताना त्यानं मला गाडीपर्यंत सोडलं आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, आजोबा म्हणतात मला आज्याच्या शेजारी पुरा. तिथं क्रूस आहे. माझी पडताळणी अजून व्हायचीय. तवर आजोबाला काही होऊ नये, एवढीच प्रार्थना करतो मी."

कुणाकडं करतो, ते मी विचारलं नाही.

तुमच्या गावात जुनी मिशनची शाळा, दफनभूमी, विहीर, बायबल-बाईची आठवण असं काही असेल तर कमेंटमध्ये सांगा. घरच्या पेटीत जुना दाखला असेल तर जपून ठेवा, पण त्याचा फोटो मात्र इथं टाकू नका. का, ते तुम्हाला आता कळलंच असेल.